माळवदावरची माती उतरवताना

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून गाव उशिरा झोपलेलं. पहाटे चारला चार-पाच मिनिटं असताना जमीन हलली. किल्लारी-सास्तूरच्या भागात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. निलंगा तालुक्यातल्या आमच्या गावात जीव कुणाचा गेला नाही, पण एकही घर विश्वासाचं उरलं नाही. नंतरची अडीच वर्षं आम्ही अंगणात पत्र्याखाली झोपलो. पाऊस आला की सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, एवढंच म्हणायच्या, "भिजलो तर वाळू. दबलो तर कोण काढंल?"

जी गावं पार जमीनदोस्त झाली, ती सरकारनं नव्या जागी वसवली. तडे गेलेल्या घरांच्या गावांसाठी जागतिक बँकेच्या मदतीनं दुरुस्ती आणि मजबुतीकरणाची योजना आली. नुकसानीच्या वर्गवारीनुसार १७ हजार किंवा ३४ हजार रुपये, तेही हप्त्याहप्त्यानं. कंत्राटदार नाही, ज्याचं घर त्यानं उभं करायचं. घरं लाखाच्या वर आणि प्रत्येकाचा तडा वेगळा. दारोदारी बसून हे समजावणार कोण? सरकारनं लोकसहभागाचं हे काम 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेकडे दिलं, आणि संस्थेनं गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका पुढे आणल्या. १९९६ मध्ये मीही त्यांच्यात गेले. दहावीपर्यंत शिकलेली, दोन लेकरांची आई. पदाचं नाव होतं संवाद सहायक.

प्रशिक्षणात पहिल्यांदा कळलं की आमच्या घरांनी माणसं का मारली. दोन-अडीच फूट रुंद भिंत म्हणजे खरं तर दगडांच्या दोन पातळ भिंती, मधे माती आणि खडी. आरपार जाणारा दगड कुठंच नाही. हादरा बसला की दोन्ही अंगं एकमेकांना सोडतात. गवंडी म्हणतात, भिंतीनं पोट काढलं. वर लाकडाचं माळवद, म्हणजे सपाट छत, आणि त्यावर दरवर्षी पावसाळ्याआधी टाकलेली माती. थरावर थर, पिढ्यान् पिढ्या. गळू नये म्हणून टाकलेली तीच माती त्या पहाटे झोपलेल्यांच्या अंगावर आली.

उपाय साधे होते. माळवदावरची जास्तीची माती उतरवायची. भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही अंगं एकमेकांना धरून राहतात. खांब आणि तुळई जिथं मिळतात तिथं तिरका टेकू. आणि भिंतीभोवती जाळी-सिमेंटचा पट्टा, कमरपट्ट्यासारखा.

खरी दमछाक कागदांची झाली. वाडा एक, भाऊ तीन, चुली तीन, आणि ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर नाव वारलेल्या सासऱ्यांचं. लाभार्थी कोण? एका विधवा जावेचं नाव यादीतून गळलं, कारण ती माहेरी होती तेव्हा पाहणी झाली. ग्रामसभेत यादी मोठ्यानं वाचायची हा नियम होता, त्यामुळे ते तिथंच पकडता आलं. हा नियम नसता तर ती कायमची राहिली असती. आमचा स्वतःचा दुसरा हप्ता चार महिने अडकला, कारण दोन कागदांवर आडनावाचं लेखन वेगळं होतं. तालुक्याच्या कार्यालयात मी एकटी तीनदा जाऊन आले. चौथ्यांदा मंडळाच्या पंधराजणी गेलो, व्हरांड्यात बसलो, आणि संध्याकाळच्या एसटीआधी सही झाली.

लोकांचं मन वळवणं त्याहून अवघड. बहुतेकांना जुन्या दगडाला हातच लावायचा नव्हता. त्यांनी अनुदानातून शेजारी विटा-सिमेंटची एक खोली बांधली. ते चुकले असं मी आजही म्हणणार नाही. ज्यानं शेजारच्या गावात ढिगारा उपसलाय, त्याला दगडाखाली झोप म्हणायचं कुणी? पण त्या खोलीत संसार मावत नव्हता. उन्हाळ्यात ती तापायची, माळवदाखाली गार असायचं. मग ज्वारीची पोती जुन्या घरात, गुरं जुन्या घरात, आणि दोन वर्षांत म्हातारी माणसंही परत तिथंच, बिनमजबुतीच्या भिंतीखाली. हे मला फार लागायचं. म्हणून आम्ही आमचं जुनं घरच मजबूत करायचं ठरवलं, गावाला दाखवता यावं म्हणून.

माती उतरवायच्या दिवशी आत्याबाई शिडीपाशी उभ्या राहिल्या. "ही माझ्या सासूनं टाकलेली माती हाय." मी काही बोलले नाही. त्यांना हाताला धरून वर नेलं आणि पहारीनं कडेला खणून थर दाखवले. पिवळा, पांढरा, करडा. हातभर जाडी भरली. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढी डोक्यावर घेऊन झोपत होतो व्हय!" पहिली पाटी त्यांनीच भरली. त्या दिवशी आम्ही एकशे चाळीस पाट्या खाली टाकल्या.

गवंडी मात्र भोकं पाडायला तयार नव्हता. "वहिनी, चांगली भिंत कशाला फोडता?" मी पडक्या गोठ्याची भिंत दाखवली, दोन्ही अंगं हातभर फाकलेली. त्यानं टिकाव उचलला. पुढे तोच गावात इतरांना शिकवू लागला.

२६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला. संस्थेबरोबर लातूर-उस्मानाबादच्या बायका तिकडे गेल्या, त्यांत मी होते. तिथल्या बन्नी भागातली गोल मातीची घरं, त्यांना 'भुंगा' म्हणतात, बरीचशी उभी होती, आणि दगडी घरं आमच्यासारखीच फाटलेली. एका बाईच्या अंगणात पोहोचलो. तिला मराठी येत नव्हतं, मला गुजराती. मी तिच्या मोडलेल्या भिंतीजवळ गेले, मधली माती बोटानं कोरली, आणि माझे दोन्ही तळवे उभे धरून एकमेकांपासून लांब नेले. मग बोटं एकमेकांत अडकवून ओढून दाखवली. तिनं स्वतःची बोटं तशीच अडकवली, आणि आत जाऊन आमच्यासाठी पाणी घेऊन आली.