गालातली कांडी

आईच्या पर्समध्ये किल्ल्या, बामची डबी आणि कागदाच्या पुडीत ज्येष्ठमधाच्या दोन कांड्या, हा ऐवज कायमचा. मंगळवारी भजनी मंडळ असतं. घसा बसला की कांडी गालात. आधी नुसतं लाकूड चघळल्यासारखं लागतं, मग पिवळे तंतू सुटतात आणि गोडवा येतो तो जायचं नावच घेत नाही. त्यातलं ग्लिसरायझिन साखरेच्या ३० ते ५० पट गोड!

खरं नाव यष्टिमधु, म्हणजे गोड काठी. आपण त्याचं 'ज्येष्ठ' करून टाकलं, आणि ज्येष्ठांना उलटून कोण विचारणार?

गेल्या पावसाळ्यात आईचा खोकला गेला, काढा मात्र राहिला. सकाळ-संध्याकाळ, चांगला दीड महिना. मूठभर ज्येष्ठमध कुटून, रंग काळपट होईपर्यंत उकळलेला. मग जोडवी बोटांत रुतायला लागली, जिना चढताना पाय भरून यायचे. प्रेशर १७० च्या वर.

"नवीन काय सुरू केलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही."

"आणि काढा?" मी म्हटलं.

"तो काय औषध आहे?" आई माझ्यावरच डाफरली.

रक्तात पोटॅशियम उतरलेलं निघालं. आपल्या शरीरातलं कॉर्टिसोल हे हार्मोन मूत्रपिंडात ढवळाढवळ करू नये म्हणून तिथे एक एन्झाइम पहाऱ्याला असतं. ज्येष्ठमध त्या पहारेकऱ्यालाच गप्प बसवतं. मग मीठ-पाणी अंगात साठतं, पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं, आणि ते फार उतरलं की हृदयाचा ठेका चुकतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ५४ वर्षांच्या एका बांधकाम कामगाराची हकिगत २०२० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. काही आठवडे रोज दीड-एक पाकीट ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या खाल्ल्या, आणि एक दिवस हृदय थांबलं. माणूस वाचला नाही. हे मी आईला सांगितलं नाही. तिने मंडळात सांगून सगळ्यांची झोप उडवली असती.

काढा बंद झाल्यावर काही आठवड्यांनी जोडवी सैल झाली. पुडी तिने मंडळातल्याच एकीला देऊन टाकली. पण देण्याआधी चष्मा नाकावर ओढून विचारलं म्हणे, "प्रेशरची गोळी चालू आहे का तुझी? पाय सुजतात?"