लांब भिंतीची बिबडी झाली

मंडळी, मागच्या नोंदीत मी माझ्या पुठ्ठ्याच्या मॉडेलबद्दल ‘दीक्षान्त सभागृहाच्या दोन्ही लांब भिंती तयार, आता छप्पर’ असं छाती काढून लिहिलं होतं. ते शब्द मागे घेतो. मंगळवारी सकाळी टेबलाजवळ गेलो तर पूर्वेकडची भिंत धनुष्यासारखी वाकलेली. पट्टी लावून पाहिलं, मधोमध तब्बल नऊ मिलिमीटर पोक! आई चहा घेऊन आली, बघितलं आणि म्हणाली, “हाई बिबडी शे का रे?” बिबडी म्हणजे आपला ज्वारीचा पापड, वाळताना कडा उचलणारा.

नव्यांसाठी एवढंच, की मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट आवारातली सगळ्यात जुनी इमारत, 1874 साली पुरी झालेलं सभागृह, मी 1:100 ला बांधतोय. आत लांबी 104 फूट, रुंदी 44, माथ्यापर्यंत उंची 63. म्हणजे आपल्याकडे 31.7, 13.4 आणि 19.2 सेंटिमीटर. राजाबाई टॉवर शेजारी हवाच, असं अनेकांनी कळवलं. हवा खरा, पण 85 मीटरचा तो मनोरा या मापात 85 सेंटिमीटर होतो आणि माझ्या काचेच्या कपाटाचा कप्पा आहे 40 चा. शिवाय तो पुरा व्हायला 1878 उजाडलं. मी मॉडेल 1874 चं करतोय, तेव्हा टॉवर अर्धवट होता. ही पळवाट मला फार आवडली आहे.

आता भिंतीकडे. आधी सगळा दोष कूलरवर टाकला. जळगावचा मे, बाहेर 44 अंश, खोलीत वाळ्याचा कूलर रात्रभर सुरू. दिवसभर माउंट बोर्ड, म्हणजे भिंतींचा जाड पुठ्ठा, कडकडीत सुकतो, रात्री ओल पितो. म्हणून दोन रात्री कूलर बंद ठेवून झोपलो. झोप गेली, भिंत होती तशीच. मग दुसरा तुकडा कापून नीट प्रयोग केला, तेव्हा माझीच दुहेरी चूक सापडली.

पहिली चूक तंतूंच्या दिशेची. कागदाचे तंतू एका दिशेने जातात आणि ओल लागली की कागद त्या दिशेला फारसा वाढत नाही, आडवा मात्र फुगतो. तुकडा किंचित ओला करून पाहा, तो ज्या अक्षाभोवती गुंडाळतो तीच तंतूंची दिशा. मी बोर्ड वाचवायला भिंती तावावर आडव्या बसवल्या होत्या. त्यामुळे 31.7 सेंटिमीटरची सगळी लांबी तंतूंच्या आडवी आली. पन्नास रुपयांचा बोर्ड वाचवला आणि दोन आठवडे घालवले.

दुसरी चूक याहून बाळबोध. दगडी पोताचा छापील कागद फक्त बाहेरून डकवला होता. पाण्यात मिसळलेला फेविकॉल लागला की कागद ताणतो, सुकताना आखडतो आणि बोर्डाला आपल्याकडे ओढतो. आतल्या बाजूला उलट ओढणारं काहीच नाही. मग वाकणार नाही तर काय!

हे आईला सांगत होतो, तर ती गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या उलटत होती. म्हणाली, वरची बाजू आधी सुकली की कडा उचलते, म्हणून अर्धवट ओली असतानाच पालटायची. तिला हे तिच्या आईने सांगितलेलं. मी मात्र महिनाभर परदेशी मॉडेलवाल्यांचे व्हिडिओ पाहत बसलो होतो.

तर नवी रीत अशी. तंतू लांबीच्या दिशेने येतील असा बोर्ड, खिडक्यांच्या कमानी आधीच कापून घेतलेल्या. दोन्ही अंगांना कागद एकाच बैठकीत, फेविकॉल जवळजवळ न पातळ करता, जुन्या एटीएम कार्डाने पसरून. वर-खाली प्लॅस्टिक आणि वर्तमानपत्र, त्यावर पाटा. तीन तासांनी उलटायचं, वर्तमानपत्र बदलायचं, पुन्हा पाटा. पूर्ण सुकल्यावर स्पिरिटमधल्या चपड्याचे (लाखेच्या पापुद्र्यांचे) दोन पातळ हात दोन्हीकडून, कडांनाही. स्पिरिटमुळे भिंतीला पाणी लागत नाही आणि चपड्यामुळे नंतर हवेतली ओल आत शिरायला वेळ लागतो. फुले मार्केटात तयार डबाबंद पॉलिश मिळतं, पण मला सुट्ट्या चपड्याचं द्रावण घरी केलेलंच बरं वाटतं. रंगही फुकटात मिळतो: थोडा पिवळसर, टॉवरच्या कुर्ला दगडाच्या जवळ जाणारा. ऑनलाइन मागवलेला ‘सँडस्टोन’ रंग आला तो सरळसरळ गाजराचा हलवा. परतही घेतला नाही.

गुरुवारपासून पहिली नवी भिंत कूलरसमोर मुद्दाम उभी ठेवली आहे. पोक एक मिलिमीटरहून कमी. मी काल दहा वेळा तरी पट्टी लावली असेल.

दरम्यान गोल खिडकी जमली! बारा राशींची रंगीत काच, पारदर्शक ओएचपी शीटवर काचेचे रंग, जाळी आयव्हरी कार्डाची. कर्क राशीचा खेकडा चार मिलिमीटरमध्ये ढेकणासारखा दिसतो, पण मागून दिवा लावला की सगळं माफ.

आणि हे लिहिता लिहिताच एक सुचलं. सभागृहात तीन बाजूंनी आठ फूट रुंदीचा सज्जा आहे. आतलं कोण बघणार, म्हणून मी तो गाळला होता. पण आठ फूट म्हणजे 2.4 सेंटिमीटर रुंदीची आडवी पट्टी, तीही दोन्ही लांब भिंतींना आतून चिकटलेली. वाकायला निघालेल्या भिंतीला याहून चांगला आधार कोणता? तर सज्जा करायचा. आणि केलाच आहे तर दिसला पाहिजे, म्हणून छप्पर उचलून ठेवता येईल असं. म्हणजे छपराचा सांगाडा, जो मी निम्मा चिकटवलाय, तो आता सोडवावा लागणार. असो.

‘मुंबईचं कशाला, खानदेशातलं काही कर’ असं म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायचं राहिलंय. अमेरिकेतलं यादवी युद्ध 1861 ते 65 चाललं, तिकडचा कापूस अडला आणि मुंबईत कापसाच्या भावाने पैसा वाहायला लागला. त्या कापसात आपल्या काळ्या मातीतलाही होताच. राजाबाई टॉवरसाठी दोन लाख देणारे प्रेमचंद रायचंद याच व्यापारात मोठे झाले. सभागृहाला लाख रुपये कावसजी जहांगीर रेडीमनींचे. आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि हा गृहस्थ हिंदुस्थानात कधी आलाच नाही! लंडनहून नकाशे आले, काम इथे कर्नल फुलरांनी करून घेतलं. आणि मी जळगावात बसून फोटोंवरून करतोय तर लोक हसतात. शिवाय जळगाव-अमळनेरची कॉलेजं 1945 मध्ये निघाली ती मुंबई विद्यापीठाखालीच. मग पुणं, आणि 1990 मध्ये आपलं स्वतःचं.

अर्धवर्तुळाकार टोकाची भिंत, 38 फूट व्यासाची, अजून कापलेली नाही. ती तर वाकलेलीच हवी आहे. तिथे जुनी फसलेली भिंत ओली करून बाटलीभोवती गुंडाळून बघावी म्हणतोय. 11.6 सेंटिमीटर व्यासाची बरणी कुणाकडे असेल तर कळवा. लोणच्याची चालेल, पण रिकामी.

दुसरी भिंत आत्ता पाट्याखाली आहे. आईला वाटणासाठी तो संध्याकाळी लागणार, त्याआधी एकदा पालटायची आहे.