जर्सीचा पौंड: बेटावरच संपवून यायचा पैसा

लंडनच्या गॅटविक विमानतळावरून विमान तासाभरात फ्रान्सजवळच्या जर्सी बेटावर पोहोचते. बेटाची राजधानी सेंट हेलियर, तिथल्या एटीएममधून पैसे काढले की हातात बहुधा जर्सी सरकारच्या नोटा पडतात. त्यांची किंमत ब्रिटिश पौंडाइतकीच, एकास एक. बेटावर दोन्हीकडच्या नोटा सरमिसळ चालतात, म्हणून सोबत इंग्लंडचे पौंड असतील तर काहीच बदलून घ्यावे लागत नाही.

अडचण परतीच्या वाटेवर येते. लंडनचा दुकानदार जर्सीची नोट नाकारू शकतो. एक पौंडाची नोट तर इंग्लंडमध्ये 1988 सालीच चलनातून गेली, ती पाहून तो बिचकतोच. भारतात या नोटा खपवण्याची आशा धरू नका. त्यामुळे रोख थोडीच काढा, चाळीस-पन्नास पौंड, आणि बाकी सगळे कार्डावर. मशीनने रुपये की पौंड असे विचारले तर पौंडच निवडा; रुपयांत दुकानाच्या बाजूचा महागडा दर लागतो. सुटे परत घेताना ‘इंग्लिश नोटा मिळतील का?’ असे विचारायला लाजू नका. शेवटच्या दिवशी उरलेली जर्सीची रोकड हॉटेलच्या बिलात आधी द्या, मग उरलेल्या रकमेसाठी कार्ड काढा.

नाणी आकाराने ब्रिटिश नाण्यांसारखीच. फक्त जुने गोल एक पौंडाचे नाणे 2017 पासून बाद आहे. जर्सीने नवे बाराकोनी नाणे स्वतः पाडले नाही. ब्रिटिश बाराकोनी नाणे आणि जर्सीची एक पौंडाची नोट यांवर काम भागते.

2010 च्या मालिकेतल्या नोटा नीट पाहाच, फार देखण्या आहेत: मजकूर इंग्रजी, फ्रेंच आणि जेरिए (बेटाची स्थानिक बोली) या तीन भाषांत, जलचिन्हात जर्सी गाय. एक पौंडावरचे मुक्तिशिल्प (जर्मन ताब्यातून झालेल्या सुटकेचे स्मारक) सेंट हेलियरच्या बसस्थानकाजवळच आहे. पन्नासवरचा माँ ऑर्ग्वे किल्ला गोरी गावात, पाचवरचे कॉर्बिएर दीपगृह नैऋत्य टोकाला. दीपगृहाकडची फरसबंदी वाट भरतीत बुडते आणि इथली भरती-ओहोटी 12 मीटरपर्यंत जाते, म्हणून वेळापत्रक पाहूनच उतरा.

पुढे फेरीबोटीने शेजारच्या गर्न्सी बेटावर जाणार असाल तर उरलेल्या नोटा तिथे चालतात. फ्रान्सच्या सेंट मालो बंदराला जाणार असाल तर बोटीत चढण्याआधीच संपवा. पलीकडे युरो लागतो.