नागमोडी रेघ

परवा महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीतलं, म्हणजे अनेक पोथ्या ताडून जुना पाठ ठरवणाऱ्या आवृत्तीतलं, आदिपर्व पुन्हा उघडून बसलो. चोवीस वर्षं प्रुफं तपासतोय, त्यामुळे मजकुराआधी तळटीपा वाचायची खोड लागलीय. इथे तर काही पानांवर वर दोन-चार श्लोक आणि खाली बारीक टाइपात पाठभेदांचा ढीग. हा ढीग उपसला विष्णु सीताराम सुकथनकरांनी.

माणूस मुळात गणिताचा. केंब्रिजला गणित केलं, मग बर्लिनला संस्कृत व्याकरणावर पीएचडी. १९२५ साली पुण्याच्या भांडारकर संस्थेत या कामाची सूत्रं हाती घेतली. एकट्या आदिपर्वाच्या २३५ पोथ्या नोंदलेल्या. देवनागरी, बंगाली, दक्षिणेतली ग्रंथ, तेलुगू, मल्याळम, काश्मीरची शारदा, वाट्टेल त्या लिपीत. त्यातल्या साठेक निवडून ताडून पाहिल्या.

ताडायचे कसे, तर आखीव फुलस्केप कागदावर. वरच्या ओळीत प्रचलित पाठातला श्लोक, एका घरात एक अक्षर. खाली दर पोथीला एक ओळ. फरक असेल तिथे तेवढंच अक्षर भरायचं, जुळलं तर घर कोरं. असे किती कागद झाले असतील याचा विचार करूनच माझी मान दुखायला लागते.

दोन पाठांपैकी अवघड तो बहुधा जुना, हे त्यांचं एक सूत्र. कारण नकलणारा अडलं की सोपं करतो. हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. एका कोकणी आजोबांच्या आठवणींत ‘आवाठात’ होतं, मी ऐटीत ‘आवारात’ केलं. हजार प्रती छापून झाल्यावर आजोबांचा फोन आला, "अहो, आमची अख्खी वाडी कुंपणाच्या आत घातलीत की!"

सुकथनकरांना जिथे पाठाची खात्री नव्हती, तिथे त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ आहे. छापील पानावर, जगासमोर, ‘इथे मी ठाम नाही’. आमच्या धंद्यात ही हिंमत कोणी करत नाही.

आदिपर्व १९३३ साली पुरं झालं. पुढे आरण्यकपर्वही त्यांनीच संपादलं. जानेवारी १९४३ मध्ये मुंबई विद्यापीठात महाभारताच्या अर्थावर चार व्याख्यानं होती. तीन झाली, चौथ्याआधीच ते गेले. सगळी पर्वं व्हायला १९६६ उजाडलं.

आईला हे सगळं सांगत होतो. व्यास सांगतात आणि गणपती लिहितो ती गोष्ट जुन्या पोथ्यांत सगळीकडे नाही, म्हणून मूळ पाठातून बाहेर, असं म्हटल्यावर तिने निवडायचे पोहे बाजूला ठेवले.

"गणपतीच काढलान?"

"काढला नाही गं, मागे परिशिष्टात ठेवलाय. पूर्ण छापलाय."

खरं तर मलाही ती गोष्ट गेल्याचं वाईट वाटतं. अर्थ कळल्याशिवाय अक्षर लिहायचं नाही, ही व्यासांची अट नेमकी आम्हा लोकांसाठीच होती.

"छापलाय ना? मग झालं," म्हणत आईने ताट पुन्हा पुढ्यात ओढलं. रात्री नातीला तिने तीच गोष्ट सांगितली, मोडलेल्या दातासकट. तो दात परिशिष्टातही नाही. मी गप्प बसलो.