सैन्यात गेल्यावर शैक्षणिक कर्जाचे हप्ते कोण भरते?

मी इंजिनिअरिंग करून शॉर्ट सर्व्हिस कमिशनमधून, म्हणजे ठरावीक वर्षांसाठीच्या अधिकारी भरतीतून, सैन्यात आलो, तेही शिक्षणाचे कर्ज डोक्यावर घेऊन. त्यामुळे गावी गेलो की मुले आणि त्यांचे पालक हमखास विचारतात, "हप्त्यांचे काय करता? सरकार माफ करते ना?"

माफ करत नाही. अमेरिकेच्या सैन्यात भरती होणाऱ्या काहींचे शैक्षणिक कर्ज ठरावीक मर्यादेपर्यंत लष्कर फेडते. आपल्याकडे ज्याचे कर्ज त्यानेच फेडायचे असते. ते फेडणे जड नाही, मात्र त्याची व्यवस्था प्रशिक्षण अकादमीत पाऊल टाकण्यापूर्वी लावलेली असली पाहिजे, एवढेच माझे सांगणे असते.

बँकेच्या सर्वसाधारण योजनेत अभ्यासक्रम आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसतो. त्या काळात सरळ व्याज चढत राहते आणि मुदत संपली की ते मुद्दलात मिळवून हप्ता बांधला जातो. एसएसबी (अधिकारी निवडीच्या चाचण्या आणि मुलाखत), वैद्यकीय तपासणी आणि गुणवत्ता यादी यांतच महिने निघून जातात; चेन्नईच्या अकादमीतले प्रशिक्षण 49 आठवड्यांचे असते; त्यामुळे पहिला हप्ता बहुतेकांना नेमका प्रशिक्षणात असताना लागतो. तिथे महिना 56,100 रुपये विद्यावेतन मिळते. सहा लाखांच्या कर्जावर दहा टक्क्यांनी महिन्याचे व्याज 5,000 रुपये होते, म्हणजे मेस आणि कपड्यांचा खर्च भागवूनही ते भरता येते. ते अवश्य भरावे.

खरी अडचण पैशांची नसतेच, ती पोहोचण्याची असते. महाराष्ट्रात घेतलेले प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालते. पहिलीच नेमणूक तिकडे झाली की बँकेचा ओटीपी ज्या नंबरवर यायचा, तो फोन ट्रंकेत मुका पडून राहतो. खात्यात पगार असतो आणि हप्ता मात्र थकतो. थकबाकीची नोंद सहकर्जदार म्हणून सही केलेल्या वडिलांच्या नावावरही होते आणि उद्या धाकट्या बहिणीच्या कर्जासाठी बँकेत गेल्यावर त्यांना त्याचा जाब द्यावा लागतो. म्हणून नंबर आधीच पोस्टपेड करून घ्यावा आणि हप्ता पगाराच्या खात्यातून आपोआप कापला जाईल असे मँडेट द्यावे. अधिकाऱ्यांचा पगार पुण्याच्या पीसीडीए या संरक्षण लेखा कार्यालयातून महिनाअखेरीस जमा होतो, तेव्हा हप्त्याची तारीख पाचच्या आसपास मागून घेणे सोयीचे.

युनिटमधले वरिष्ठ डीएसओपी फंडातली (अधिकाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीतली) वर्गणी वाढवण्याचा सल्ला देतात. तो चांगल्या मनाने दिलेला असतो, पण त्या फंडावर 7.1 टक्के व्याज मिळते आणि कर्जावर आपण नऊ-दहा टक्के भरत असतो. कर्ज फिटेपर्यंत फंडात सक्तीची किमान वर्गणीच ठेवावी आणि वरचा पैसा मुद्दलात घालावा, असे मी ठामपणे सांगतो. व्याजावर मिळणारी 80ई कलमाची करसवलत फक्त जुन्या करप्रणालीत आहे, तेव्हा नवी प्रणाली निवडलेल्यांनी ती हिशेबात धरू नये. बँक पंधरा वर्षांची मुदत देऊन हप्ता लहान करून देते, तो मोहही टाळावा. शॉर्ट सर्व्हिसची नोकरी दहा वर्षांची, फार तर चौदा, आणि मागे पेन्शन नाही.

एक गोष्ट पालक कधीच विचारत नाहीत, म्हणून मीच काढतो. अधिकाऱ्याचे बरेवाईट झाले तर, कर्जाचा विमा नसल्यास, बँक सहकर्जदाराकडे येते. सैन्याच्या गटविम्याची रक्कम मात्र नामनिर्देशित व्यक्तीला मिळते. लग्नानंतर नामांकनात पत्नीचे नाव येते आणि कर्जाच्या कागदावर वडिलांचीच सही राहते. त्यामुळे तो फॉर्म भरण्याआधी दोघांना समोर बसवून शिल्लक किती आहे ते सांगावे आणि नामांकनात वडिलांचा हिस्सा ठेवायचा, की कर्जाचा वेगळा विमा घ्यायचा, हे त्याच बैठकीत ठरवावे.