पाच मिनिटं पडते

दुपारी तीनच्या आसपास माझा चेहरा उतरतो म्हणतात. मला तो दिसत नाही, त्यामुळे माझी काही तक्रार नसते. तक्रार असते ती बघणाऱ्यांची. "बरं नाही का गं?" शेजारच्या टेबलावरून येतं. "झोप झाली नाही वाटतं," पलीकडून. परवाही मी खिडकीबाहेर बघत मजेत बसले होते, डोक्यात काहीतरी बिनकामाचं चाललं होतं, आणि कुणीतरी म्हणालं, "दमलेली दिसतेस." झालं. खांदे आपोआप खाली आले, जांभई आली, आणि मी खरोखर दमले.

मग उपाय सुरू झाले. पोटदुखी म्हटलं की लोक जरा बिचकतात, "डॉक्टरांना दाखव" म्हणून मोकळे होतात. थकव्याचं तसं नाही. थकव्यावरचा उपाय ठाऊक नाही असा माणूस मला अजून भेटायचा आहे. कुणी रात्री काहीतरी भिजत घालायला सांगतं, कुणाकडे कसल्याशा मुळीची पूड असते, कुणी दीर्घ श्वास घ्यायला लावतं, कुणी तोंडावर गार पाण्याचे हबके मारायला पाठवतं. त्यातले निम्मे उपाय सकाळी उपाशीपोटी करायचे असतात. ते सगळे मनापासून करायचे ठरवले तर जेवणाची पाळी संध्याकाळीच येईल, आणि मग थकवा कशाने आला याचा वेगळा शोध घ्यायला नको.

गंमत म्हणजे उपाय सांगताना सांगणाऱ्याच्या अंगात तरतरी येते. आवाज चढतो, हातवारे होतात, खुर्ची पुढे सरकते. दोन मिनिटांपूर्वी तोही माझ्यासारखाच पेंगत असतो, हे मी पाहिलेलं असतं. त्या पुडीत काय गुण आहेत कोण जाणे, पण ती दुसऱ्याला सुचवण्यात नक्कीच आहेत.

"पाणी पी" म्हणणारे मला त्यातल्या त्यात आवडतात. एक तर ते थोडक्यात आटपतात. आणि त्यांचं खरंही असतं. शरीराच्या वजनाच्या एक-दोन टक्के पाणी कमी झालं तरी लक्ष लागेनासं होतं, डोकं जड होतं, माणूस उगीच चिडचिड करतो. शिवाय पाणी प्यायचं तर उठावं लागतं, चार पावलं चालावं लागतं, वाटेत कुणाशी तरी बोलावं लागतं. यातल्या कशाने बरं वाटलं याचा हिशोब कोणी मागत नाही, आणि पाणी बिचारं सगळं श्रेय घेऊन टाकतं.

दुपारच्या मरगळीचं खापर आपण पिढ्यान्‌पिढ्या जेवणावर फोडत आलो. जास्त झालं, जड झालं, अवेळी झालं. भरपेट जेवणाने ती वाढते हे खरं, पण जेवलं नाही तरी ती येतेच. दुपारी एक ते चारच्या दरम्यान शरीराचं आतलं घड्याळ स्वतःच जरा ढिलं पडतं. म्हणजे डबा न खाता तासभर उपाशी बसून स्वतःला शाबासकी देणाऱ्यांनाही त्याच वेळी जांभया येतात, फक्त त्या रिकाम्या पोटी येतात.

या आतल्या घड्याळाचा पहिला सुगावा माणसाला लागला तो लाजाळूच्या झाडावरून, हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. फ्रान्समध्ये द मेराँ नावाचा खगोलशास्त्रज्ञ होता. त्याने १७२९ साली लाजाळूची रोपं अंधारात ठेवून पाहिली. सूर्याचा काही संबंध उरला नाही, तरी पानं दिवसा उघडत होती आणि रात्री मिटत होती. आमचा लाजाळूचा अभ्यास याच्या नेमका उलट होता. शाळेच्या कुंपणाशी लाजाळू पसरलेली होती आणि मधल्या सुट्टीत आम्ही रांगेने बसून तिच्या प्रत्येक पानाला बोट लावत असू. एक टोक मिटवत दुसऱ्या टोकाला पोचलो की पहिलं उघडायला लागलेलं असे, की पुन्हा तिकडे पळायचं. त्या झाडाच्या विश्रांतीचा विचार आमच्या मनात चुकूनही आला नाही. त्याचा सूड मधल्या सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला उगवला जात असे, तेव्हा मिटण्याची पाळी आमची असायची.

तो तास आठवतो का? पंखा घरघरतो आहे, फळ्यावर सनावळ्या आहेत, बाईंचा आवाज लांबून येतो आहे आणि मान हळूहळू खाली जाते आहे. मग एकदम झटका. झटक्यानंतर आपण सबंध वर्गाकडे असं बघतो की जणू काही मुद्दामच मान हलवली, मुद्दा पटला म्हणून. काही मुलांना हातात पेन्सिल धरून, वहीकडे बघत, बसल्या जागी झोपायची कला साधली होती. मला ती कधी जमली नाही. मी झोपले की पेन्सिल पडायची आणि घरंगळत नेमकी पहिल्या बाकापर्यंत जायची. आता वाटतं, बाईंनाही झोप येत असणारच. त्या उभ्या होत्या एवढाच फरक.

घरी सुट्टीच्या दिवसांत परिस्थिती उलटी. तिथे झोप येत नसताना झोपायची सक्ती. मोठी माणसं आडवी व्हायची आणि आम्हाला शेजारी घेऊन "डोळे मीट" म्हणायची. मिटलेल्या डोळ्यांच्या आत किती गोष्टी चालतात याचा त्यांना पत्ता नसायचा. मी छताकडे बघत पडायचे आणि मोठ्यांचे श्वास ऐकून कोण खरं झोपलंय आणि कोण नुसतं पडलंय ते ओळखायचे. मावशी नेहमी नुसती पडलेली असायची. "पाच मिनिटं पडते गं," म्हणायची, आणि पाचव्या मिनिटाला दाराची बेल वाजायची, दूध उतू जायचं, नाहीतर कुणाला तरी कात्री सापडत नसायची. मावशी उठायची. कात्री काढून द्यायची. परत पडायची, पण तोवर चहाची वेळ झालेली असायची.

या डुलकीचा नासाने रीतसर अभ्यास केला. लांब पल्ल्याच्या विमानांच्या वैमानिकांना उड्डाण चालू असतानाच पाळीपाळीने ४० मिनिटं विश्रांती दिली, आसनावर बसल्याबसल्या. त्यांना सरासरी २६ मिनिटं झोप लागली आणि ज्यांना ती मिळाली ते विमान उतरवायच्या वेळी न झोपलेल्यांपेक्षा सावध होते. १९९४ सालचा हा अहवाल पुढे डुलकीच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाने वापरला, आता मीही वापरला. डुलकी अशी छोटी हवी. अर्धा-पाऊण तास उलटला की झोप खोल जाते, आणि त्या खोलातून उठवलेला माणूस आधीपेक्षा जास्त बावचळलेला असतो, त्याला वार आठवत नाही. पण त्या अहवालातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. एक वैमानिक झोपला की बाकीचे विमान सांभाळत होते. आणि त्या ४० मिनिटांत त्याला कात्री कुठे आहे असं कुणी विचारलं नाही.

चहा-कॉफीवर मी वाईट बोलणार नाही, माझं सगळं चरित्र त्यावर उभं आहे. फक्त ती थकवा घालवते हा समज सोडून द्यावा लागतो. आपण जागे असतो तसतसं मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं, आणि ते आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसलं की झोप येते. कॅफीन जाऊन त्याची खुर्ची अडवून बसतं, इतकंच. ॲडेनोसिन कुठेही गेलेलं नसतं, बाहेर उभं असतं, वाढतच असतं. कॅफीन उठलं की सगळं एकदम आत. शिवाय ते लवकर उठत नाही. चार वाजता घेतलेल्या कपातलं साधारण अर्धं कॅफीन रात्री नवालाही अंगात असतं. हे कॅफीन पहिल्यांदा वेगळं काढलं रुंगे नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, १८१९ साली. त्याने बेलाडोना या विषारी झुडपाच्या रसाने मांजराच्या डोळ्याची बाहुली मोठी करून दाखवली होती. ते पाहून खूश झालेल्या गटेने, म्हणजे त्या महाकवीनेच, त्याला कॉफीच्या बिया दिल्या आणि म्हणाला, आता यात काय आहे ते शोध. कवीला हा प्रश्न पडावा यात मला नवल वाटत नाही. रात्री जागायचं कारण त्यालाच असणार.

आणि तो सगळ्यात चीड आणणारा उपाय: चाल. दमलेल्या माणसाला चालायला सांगणं हा उद्धटपणा आहे असं माझं मत होतं आणि अजूनही आहे. पण तो लागू पडतो त्याला काय करणार? सतत थकवा वाटतो म्हणणाऱ्या, व्यायाम न करणाऱ्या तरुण मुलामुलींवर एक प्रयोग झाला होता, त्याचे निष्कर्ष २००८ साली छापून आले. त्यांना सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, २० मिनिटं जागच्या जागी सायकल चालवायला लावली. थकवा कमी झाला. तोही हळू चालवणाऱ्यांचा मध्यम जोराने चालवणाऱ्यांपेक्षा जास्त. शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं आणि मनोमन हळू चालवणाऱ्यांत नाव घातलं.

सकाळच्या उन्हाबद्दल वेगळं सांगायला नको. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर हजारो लक्स उजेड असतो आणि लखलखीत वाटणाऱ्या ऑफिसात जेमतेम तीनशे ते पाचशे. आतलं घड्याळ रोज त्या बाहेरच्या उजेडावर जुळवलं जातं, नाहीतर ते थोडं थोडं मागे पडत जातं. आपण मात्र दिवसभर या मिणमिणत्या खोलीत बसतो आणि उत्साह पुडीत शोधतो.

बसून बसून माणूस कसा काय दमतो, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीतल्या तुरीनच्या आंजेलो मोस्सो या शरीरक्रियाशास्त्रज्ञालाही पडला होता. त्याने थकवा मोजायचं यंत्र केलं. हात पट्ट्यांनी आवळून टाकायचा, मधल्या बोटाला दोरी, दोरीला वजन. बोट वाकवून वजन उचलत राहायचं, थकेपर्यंत. प्रत्येक उचल कागदावर रेघ म्हणून उमटायची आणि रेघा लहान होत होत संपायच्या. मग त्याने तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या सहकारी प्राध्यापकाचं बोट त्यात अडकवलं. परीक्षा घेताना बोटाने काहीच केलेलं नव्हतं, तरी रेघा लवकर संपल्या. डोकं दमलं की बोटही दमतं, हे कागदावर आलं. परीक्षा देणाऱ्यांची बोटं त्याने मोजली असती तर यंत्र जाग्यावरून हललं नसतं.

मावशीचं बोट त्या यंत्रात घालायला हवं होतं असं मला कधीकधी वाटतं. कारण मावशी दमते हे आमच्याकडे कुणाला कधी लक्षण वाटलंच नाही. तो तिचा स्वभाव होता. एखाद्याचे केस कुरळे असतात तशी मावशी दमलेली असायची. जिना चढताना मध्ये थांबायची तेव्हा तिथल्या खिडकीतून काहीतरी बघायची, आम्हाला वाटायचं तिला बघायची हौस आहे. शांत आहे, सोशिक आहे, कुणाला उलटून बोलत नाही, असं तिचं कौतुक व्हायचं. उपाय तिलाही खूप जणांनी सांगितले. तिचा स्वतःचा एकच होता. जेवण झालं रे झालं की लगेच कपभर कडक चहा. आणि जेवणाबरोबर किंवा लगोलग घेतलेला चहा अन्नातलं लोह नीट अंगी लागू देत नाही. म्हणजे थकव्यावरचा तिचा उपाय रोज दोन वेळा तो थकवाच जोपासत होता.

पुढे कुठल्याशा दुसऱ्याच कारणाने रक्त तपासलं. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्त कमी म्हणतात, मावशीचं ७ च्याही खाली होतं. डॉक्टरांनी विचारलं, किती दिवसांपासून दमायला होतंय? मावशीने बराच विचार केला आणि म्हणाली, "तसं नेहमीचंच आहे." तिला खरंच आठवत नव्हतं. न दमलेलं असणं म्हणजे कसं, हे सांगायला तिच्याकडे काही नव्हतं, आणि आमच्यापैकी कुणी ते कधी विचारलेलं नव्हतं.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. चहा जेवणापासून लांब सरकला. रक्त का कमी होत होतं तेही डॉक्टरांनी शोधून काढलं आणि त्यावर इलाज केला. काही महिने गेले आणि मावशी भांडायला लागली. आधी भाजीवरून, मग पैशांवरून, मग वीस-वीस वर्षांपूर्वीच्या गोष्टींवरून. काकांना नावानिशी, तारखेसकट. "हिचं काय बिघडलंय?" असं सगळे एकमेकांना विचारायला लागले, गोळ्या गरम पडल्या असाव्यात असंही कुणी म्हणालं. काही बिघडलेलं नव्हतं. मावशी मुळातच भांडखोर होती. इतकी वर्षं भांडायला अंगात त्राण नव्हतं, एवढंच.