रोजची गोळी सरली

सोमवारची दुपार. कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या गावात दुपारी चिटपाखरू नसतं, सारा गाव वावरात. घाटंजी तालुक्यात माझं मेडिकल आहे, एकोणीस वर्षं झाली. डबा उघडून पहिला घास मोडतो न मोडतो तोच मामी दारात.

"भाऊ, यायची रोजची गोळी सरली. एक पत्ता दे. आन् तोंड लय आलं हाये त्यायचं, त्याच्यावर बी काही दे."

तोंड आलं म्हटलं की माझा हात आपोआप बी-कॉम्प्लेक्सच्या डब्याकडे जातो. गेलाही. मग अर्ध्यात थांबला. रोजची गोळी सरली कशी? मामांची चिठ्ठी मीच भरली होती, नऊ दिवसांपूर्वी, शनिवारच्या बाजाराच्या दिवशी. दोन महिन्यांची. शनिवारची गोळी आठ, आणि शनिवार सोडून रोजची अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस गोळ्या नऊ दिवसांत सरत नाहीत. आठ मात्र सरतात.

"मामी, पत्ता आणला का रिकामा?"

तिनं पदराची गाठ सोडली. कात्रीनं कापलेला तुकडा, आठ खळगे, आठही फोडलेले. मागच्या चंदेरी कागदावर नावाचा शेवट तेवढा राहिला होता, '...ट्रेक्सेट'. सुरुवातीची अक्षरं दोन गोळ्यांच्या उरलेल्या तुकड्यासोबत माझ्याच रॅकमध्ये पडून होती. कापलं मीच होतं.

मामांना सोरायसिस आहे, बारा-तेरा वर्षांपासून. कोपरं, गुडघे, कंबर आणि डोकं. लाल चट्टे, त्यावर चांदीच्या वर्खासारखी खपली. सकाळी गोधडी झटकली की अंगणात कोंडा पडतो. आपली कातडी खालून वर येऊन गळायला साधारण महिना घेते. सोरायसिसमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणाच उलटते आणि हे काम तीन-चार दिवसांत उरकायला लागते, म्हणून थरावर थर चढतो. गावात कोणी गजकर्ण म्हटलं, कोणी दबक्या आवाजात महारोग. पंगतीत त्यांच्या शेजारचं पान रिकामं राहायचं. कुष्ठरुग्ण शोधायला फिरणाऱ्या आशाताईनं एकदा त्यांच्या दारातल्या गाठोड्यातलाच कापसाचा पुंजका घेतला आणि डोळे मिटायला लावून चट्ट्यावर फिरवला. "गुदगुल्या होतात ना बाई," मामा म्हणाले. कुष्ठाच्या चट्ट्याला असा स्पर्श सहसा कळत नाही. संशय फिटला, पण पान रिकामंच राहिलं.

ही सगळी वर्षं ते माझ्याकडून ट्यूब नेत होते. खाजेची, तीन औषधं एकत्र असलेली, त्यातलं एक जबरदस्त स्टेरॉइड. लावली की आठ दिवसांत चट्टा पुसल्यासारखा, सोडली की दुप्पट. असली स्टेरॉइडची मलमं २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे. माझ्या काउंटरवर तो नियम किती पाळला गेला, ते मामांच्या मांडीवरच्या पातळ, निळ्या शिरा दिसणाऱ्या कातडीला विचारा.

यंदा बोटं सुजली, सकाळी मूठ वळेना. नखांवर सुईनं टोचल्यासारखे खड्डे तर आधीपासूनच होते. सोरायसिस सांध्यातही उतरतो, हे मला माहीत होतं, त्यांना मी कधी सांगितलं नव्हतं. मुलानं शेवटी यवतमाळला चामडीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं, लिव्हर पाहिलं आणि मेथोट्रेक्सेट लिहून दिली. साडेसात मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदाच, आणि बाकीचे दिवस फॉलिक ॲसिड, म्हणजे बी गटातलं एक जीवनसत्त्व.

या दोन गोळ्यांचं नातं डी. फार्मसीला असताना सरांनी सांगितलेलं आठवतं. आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीत होते. फॉलिक ॲसिड कारखान्यात तयार करण्याचं काम त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी केलं, आणि फॉलिक ॲसिडची वाट अडवणारी औषधंही तिथलीच. त्यातलं एक १९५१ साली संधिवाताच्या रुग्णांना दिलं, तर त्यांचा सोरायसिस उतरू लागला. पुढे त्याच कुळातली मेथोट्रेक्सेट सोरायसिसवर रुजली. म्हणजे एक गोळी पेशींची घाई रोखते, दुसरी बाकी शरीराला सांभाळून घेते. दोन्ही एकाच घरच्या. आणि माझ्या दुकानात त्या दिवशी दोन्ही पिवळ्या, दोन्ही मसुरीएवढ्या.

मी काय केलं होतं? दोन्ही पत्ते कापले, एकसारख्या दोन खाकी पाकिटांत घातले. एकावर पेननं 'शनिवार' लिहिलं, दुसऱ्यावर 'रोज, शनिवार सोडून'. बाजाराची गर्दी होती, तोंडानं एकदा सांगितलं. मामा-मामी दोघंही निरक्षर. नातवानं घरी पाकिटं बरोबर वाचून दाखवली, पण तोवर मामीनं उंदराच्या भीतीनं पत्ते काढून स्टीलच्या डबीत ठेवले होते. परत घालताना अदलाबदल.

"शनवारचीच काहून एवढी देल्ली, असं म्या यायले म्हणलं बी," मामी सांगत होती.

मी शटर अर्धं ओढलं, मामीला गाडीवर मागं बसवलं. डबा तसाच उघडा राहिला. संध्याकाळी आलो तेव्हा मुंग्या लागल्या होत्या.

मामा ओट्यावर बसले होते, हनुवटीखाली दुपट्टा, लाळ गिळता येत नव्हती म्हणून. ओठांच्या आतून पांढरे-लाल फोड. अंग तापलेलं. बाही वर केली तर कोपराचा जुना चट्टा ओला, ठिकठिकाणी सोललेला. जी पेशी घाईनं वाढते तिला हे औषध आधी गाठतं: चट्टा, तोंडाचं अस्तर, आणि हाडांतला रक्त तयार करणारा मगज. पहिली दोन मी डोळ्यांनी पाहत होतो. तिसऱ्याचं काय झालं असेल, या विचारानं माझेच पाय लटपटले.

"दुखीची गोळी बी घेतो मी," मामा फोडांमधून कसंबसं बोलले, "तूच देल्ली होती, मंगळवारी."

हेही माझंच. डायक्लोफेनॅक. मेथोट्रेक्सेट मूत्रपिंडातून बाहेर पडते आणि या दुखीच्या गोळ्या तिची वाट अडवतात. तो पत्ता तेव्हा कोणाच्या नावावर, कशावर जातोय हे मी पाहिलंच नव्हतं.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मॅडमला मी जे घडलं ते सांगितलं, लपवलं नाही. खरं सांगतो, रस्त्यात दोनदा मनात आलं होतं की 'त्यांनीच चुकून घेतल्या' एवढंच म्हणावं. खोटंही नव्हतं ते. मॅडमनी १०८ बोलावली आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: मेथोट्रेक्सेट रोज, आठ गोळ्या, शेवटची आज सकाळी. यवतमाळला पांढऱ्या पेशी बाराशे निघाल्या. चार हजारांच्या वर हव्या असतात. मी मुलाला फोनवर विचारलं, फॉलिक ॲसिडच देतायत का? नाही. ते आता कामाचं नव्हतं, कारण त्याला कामी लावणारा टप्पाच या औषधानं बंद केलेला असतो. तो टप्पा ओलांडून जाणारं फॉलिनिक ॲसिड, म्हणजे ल्यूकोव्होरिन, इंजेक्शनानं दिलं. सोबत ॲंटिबायोटिक, सलाईन.

बारा दिवसांनी मामा घरी आले. वेचणीचे बारा दिवस गेले, मजुरी दुसऱ्याला द्यावी लागली. मी पैसे देऊ केले तर मुलानं घेतले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता या गोळीचा पत्ता मी कापत नाही. चार हव्या असल्या तरी दहाचा अख्खा पत्ता देतो, नाव दिसलं पाहिजे. पाकिटावर लाल शाईनं बैलबंडी काढतो, म्हणजे बाजाराचा दिवस. फॉलिक ॲसिडच्या पाकिटावर सूर्य. चित्रं वाईट येतात माझी. एका म्हातारीनं बंडीला विंचू म्हटलं.

तीन महिन्यांनी रक्त नीट झाल्यावर डॉक्टरांनी मामांना तीच गोळी पुन्हा सुरू केली, कमी डोसावर, दर वेळी रक्त तपासून. तेव्हापासून दर शनिवारी बाजाराला आले की पिशवी काउंटरवर ठेवतात, खिशातून पत्ता काढतात आणि माझ्यापुढे धरतात.

"वाच."

मी नाव वाचतो.

"दुसऱ्यांदा वाच."

मी पुन्हा वाचतो. मग ते माठातलं पाणी घेतात, गोळी गिळतात, किती राहिल्या ते बोटानं मोजतात आणि वांगी पाहायला जातात.